हात लावा, चालेल!

मुलांनो, प्रदर्शन बघायला गेलात की सगळ्यांत आधी काय दिसतं? पाटी! 'कृपया वस्तूंना हात लावू नये.' मूर्तीपुढे पाटी, चित्रापुढे पाटी आणि जुन्या वाड्यातल्या काचेच्या हंड्या-झुंबरं असली, तर पाटीच्या जोडीला दोरीसुद्धा. आपले हात मात्र शिवशिवत असतात. तेवढ्यात मागून आवाज येतो, "हात मागे घ्या बघू!" हा आवाज बहुतेक वेळा आमच्यासारख्या बाईंचाच असतो. (काय करणार? चाळीस मुलांची सहल एकदा नेऊन बघा, म्हणजे कळेल.)

आज मी तुम्हाला अशा एका दिव्याची ओळख करून देणार आहे, ज्याला हात लावला नाही तर तो अर्धाच राहतो. दिवा काचेचा आहे, नाजूक आहे, आत हजारो व्होल्टची वीज आहे, आणि तरीही तो मांडणाऱ्याचं म्हणणं असतं, 'या, हात लावा!'

काचेचा एक मोठा, पारदर्शक गोल डोळ्यांपुढे आणा. त्याच्या मधोमध एक छोटी गोळी. खोलीत अंधार करून बटण दाबलं, की त्या गोळीतून जांभळ्या-गुलाबी उजेडाच्या बारीक दोऱ्या निघतात आणि वळवळत काचेपर्यंत येतात. जणू वळवाच्या पावसातल्या विजा कुणी बरणीत भरून ठेवल्यात, पण गडगडाट मात्र नाही. आता काचेवर एक बोट टेकवा. झालं! इतका वेळ इकडेतिकडे भटकणारी एक दोरी जाड होते, झळकते आणि नेमकी तुमच्या बोटाशी येते. बोट डावीकडे नेलंत की तीही डावीकडे. पाच बोटं टेकवलीत की तिला फाटे फुटतात. बोट उचललंत की पुन्हा तिचं भटकणं सुरू.

याला प्लाझ्मा ग्लोब म्हणतात. आपण 'वीजगोळा' म्हणू. तो विज्ञानाचं खेळणं आहे की कलाकृती? मला विचाराल तर दोन्ही. चित्रकार चित्र पुरं करतो आणि मग आपण ते बघतो. इथे कलाकार काच घडवतो, वायू भरतो, वीज जोडतो, पण शेवटची रेघ तुमचं बोट काढतं. दर वेळी नवी.

हा दिवा काही एका माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही. त्याच्या मागे बऱ्याच जणांचे हात आहेत आणि त्यांतले पुष्कळसे हात काच फुंकणाऱ्यांचे आहेत. तेव्हा आधी भट्टीकडे जाऊ.

काच म्हणजे मुळात वाळू. पण नुसती वाळू वितळवायची तर तापमान १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास न्यावं लागतं. म्हणून तिच्यात सोडा मिसळतात, म्हणजे ती कमी उष्णतेत वितळते. आणि चुना घालतात, म्हणजे तयार काच पाण्यात विरघळत नाही. भट्टीतली वितळलेली काच पाण्यासारखी पातळ नसते, चिक्कीच्या पाकासारखी चिकट असते. कारागीर दीडेक मीटर लांबीची लोखंडी पोकळ नळी त्या पाकात बुडवतो आणि फिरवत फिरवत टोकाला एक लालभडक गोळा गुंडाळून बाहेर काढतो. मग नळीच्या दुसऱ्या टोकाने फुंकर घालतो. आत हवेचा बुडबुडा शिरतो आणि काच फुग्यासारखी फुगायला लागते.

ऐकायला सोपं वाटतं ना? आता त्यातली गोम ऐका. नळी सतत फिरवत राहावी लागते. चमच्यावर मध घेऊन चमचा फिरवत राहिलात तर मध सांडत नाही, थांबलात की खाली लोंबतो. तसंच हे. नळी थांबली की गोल लोंबलाच. शिवाय काच निवत चालली की फुगत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा भट्टीच्या तोंडाशी धरायची. फुंकर जोरात गेली तर एका बाजूला काच पातळ होते. म्हणजे हात फिरवताहेत, डोळे रंग बघताहेत, तोंड फुंकतंय, आणि तिघांचा मेळ बसला तरच गोल गोल होतो. एवढं करून तो बाहेर हवेत ठेवून दिला तर तडकतो, कारण वरची काच आधी निवते, आतली मागाहून, आणि दोघींची ओढाताण होते. म्हणून तो साधारण ५०० अंशांच्या दुसऱ्या भट्टीत ठेवून कित्येक तास हळूहळू निववतात.

काच फुंकायची ही युक्ती सुमारे २००० वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कारागिरांना सापडली. आपल्या महाराष्ट्रातही काचेच्या कामाची एक छान आठवण आहे. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभारलेल्या 'पैसा फंडा'तून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी आपला कारखाना काढला. त्या जागेचं नावच ओगलेवाडी पडलं. तिथला 'प्रभाकर कंदील' माहीत आहे का, हे घरी पणजी असेल तर तिला विचारा. माझी खात्री आहे, ती कंदिलाची काच राखेने कशी पुसायची इथपासून सगळं सांगेल.

आता जर्मनीला जाऊ. वीजगोळ्याचा खरा पणजोबा तिथे भेटतो. हाइनरिश गाइस्लर हा काचकारागिरांच्या घराण्यात १८१४ साली जन्मलेला माणूस. बॉन शहरात तो शास्त्रज्ञांना लागणारी काचेची उपकरणं करून देई. १८५७ च्या सुमारास प्लूकर नावाच्या प्राध्यापकासाठी त्याने काचेच्या बंद नळ्या केल्या. नळीतली हवा पंपाने जवळजवळ सगळी काढून घ्यायची, किंचितसा वायू आत ठेवायचा, दोन्ही टोकांना धातूच्या तारा बसवायच्या आणि वीज सोडायची. नळी आतून झळकू लागली! वायू बदलला की रंग बदले. गाइस्लर नुसत्या सरळ नळ्या करून थांबला नाही. त्याने वेटोळी, फुगे, गाठी असलेल्या नळ्या फुंकल्या. लोक त्या नुसत्या गंमत म्हणून विकत घेत आणि दिवाणखान्यात लावून बघत बसत. म्हणजे बघा, उजेडाची काचकला तेव्हापासूनची. पुढे १८६८ मध्ये बॉन विद्यापीठाने या कारागिराला मानाची डॉक्टर पदवी दिली.

अशाच नळ्यांतून पुढे फार मोठे शोध लागले. १८९५ मध्ये क्ष-किरण, १८९७ मध्ये इलेक्ट्रॉन. इलेक्ट्रॉनच्या शोधाचं नाव निघालं की जे. जे. थॉमसन यांचं नाव येतं, आणि ते रास्तच आहे. पण त्यांच्या काचेच्या नळ्या फुंकून द्यायचा तो एबेनेझर एव्हरेट हा त्यांचा मदतनीस. थॉमसनसाहेब बुद्धीने तल्लख, पण हाताने अगदी वेंधळे! यांनी उपकरणांना हात न लावलेलाच बरा, असं आजूबाजूच्यांना वाटे. म्हणजे 'हात लावू नये' ही पाटी नोबेल मिळवणाऱ्यालाही चुकली नाही बरं का!

मधल्या काळातल्या दोन गोष्टी पटकन सांगते. पहिली निकोला टेस्ला यांची. फार वेगाने उलटसुलट होणारी, फार मोठ्या दाबाची वीज त्यांनी तयार केली आणि १८९१-९२ च्या व्याख्यानांत हातात धरलेल्या काचनळ्या तारेशिवाय उजळून दाखवल्या. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही त्यांचे प्रयोग मांडलेले होते. त्याच वर्षी त्याच शहरात स्वामी विवेकानंदांचं भाषण झालं होतं, हे तुम्हाला इतिहासात आहेच. दुसरी गोष्ट वायूंची. १८९८ मध्ये लंडनला रॅम्झी आणि ट्रॅव्हर्स यांनी हवेतून निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन हे वायू वेगळे काढले. निऑन म्हणजे ग्रीक भाषेत 'नवा' आणि झेनॉन म्हणजे 'परका'. आणि आहेतच ते दुर्मीळ! साधारण ५५ हजार लीटर हवेत १ लीटर निऑन सापडतो, आणि १ लीटर झेनॉन हवा असेल तर १ कोटीहून जास्त लीटर हवा चाळावी लागते.

डिसेंबर १९१० मध्ये पॅरिसच्या मोटारींच्या प्रदर्शनात जॉर्ज क्लोद यांनी निऑन भरलेल्या सुमारे १२ मीटर लांबीच्या दोन नळ्या लावल्या. केशरी-लाल उजेड बघून लोक थक्क झाले. मग काय, दुकानांवर, सिनेमागृहांवर निऑनची अक्षरं झळकू लागली. मुंबईच्या जुन्या सिनेमागृहांवरची तशी अक्षरं तुमच्या आईबाबांना आठवत असतील.

हे प्रत्येक अक्षर हाताने वाकवलेलं असे! कारागीर सरळ काचनळी ज्योतीवर धरतो. ती मऊ पडली की ज्योतीतून काढून चित्रावर टेकवून वाकवायची, आणि हे सगळं काही सेकंदांत, निवायच्या आत. वाकवताना नळी चपटी होऊ नये म्हणून तिच्या टोकाला एक बारीक रबरी नळी लावलेली असते. तिचं दुसरं टोक कारागिराच्या ओठांत. वळणावर तो अगदी हलकेच फुंकतो. पुष्कळदा चित्र उलटं, आरशातल्यासारखं काढलेलं असतं. 'क' उलटा वाकवून बघा म्हणजे कळेल. (आधी तारेचा तुकडा घेऊन करा. मी पाचवीच्या वर्गाला करायला दिला होता. तासाभरात तीनच 'क' धड झाले.)

हल्ली हॉटेलांतून 'निऑन' म्हणून जी अक्षरं दिसतात, त्यांतल्या बहुतेकांत निऑन नसतोच. मऊ, वाकणाऱ्या पट्टीत बारीक एलईडी दिवे बसवलेले असतात. ते स्वस्त पडतात, फुटत नाहीत, वीजही कमी घेतात. त्यात वाईट काही नाही. पण त्यामुळे काच वाकवणारे हात कमी होत चाललेत, हेही खरंच. अमेरिकेत लॉस एंजलिसला काही कलाकारांनी १९८१ मध्ये निऑन कलेचं एक संग्रहालयच काढलं. ते आता जवळच्याच ग्लेनडेल गावात आहे.

आता आपला वीजगोळा. १९७१ मध्ये बिल पार्कर नावाचा एक विद्यार्थी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकत होता. गाइस्लरच्या नळीत वायू अगदी विरळ असतो, म्हणून सगळी नळी धुक्यासारखी एकसारखी उजळते. पण वायूचा दाब वाढवला, निऑन, आरगॉन, झेनॉन यांची मिश्रणं भरली आणि टेस्लांच्या जातीची वीज सोडली, तर? उजेड आक्रसतो, त्याच्या दोऱ्या होतात! पार्करने या दोऱ्यांवर काम केलं. आणि मग तो गेला सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्स्प्लोरेटोरियम'मध्ये. तिथे त्याने केलेल्या एका कलाकृतीचं नाव होतं 'क्वाएट लाइटनिंग', म्हणजे 'मुकी वीज'.

या एक्स्प्लोरेटोरियमबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कारण ते काढणारा माणूस काही वर्षं शाळामास्तर होता! फ्रँक ओपेनहायमर त्याचं नाव. अणुबाँबच्या प्रकल्पाचे प्रमुख शास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर यांचा हा धाकटा भाऊ, आणि स्वतःही चांगला शास्त्रज्ञ. पूर्वी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, म्हणून १९४९ मध्ये त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. दुसरीकडेही कुणी घेईना. तो कोलोरॅडोत जाऊन गुरं पाळू लागला. भौतिकशास्त्रज्ञ आणि गुराखी! १९५७ मध्ये तिथल्याच लहानशा गावातल्या हायस्कुलात त्याला विज्ञान शिकवायला मिळालं. शाळेत साधनांची वानवा. मग हे मास्तर मुलांना घेऊन जायचे कुठे, तर गावाच्या उकिरड्यावर! मोडक्या यंत्रांचे, मोटारींचे भाग उचलून आणायचे, उघडायचे, हे कसं चालत होतं ते बघायचं. मला हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आपल्याकडे किती शाळांतून प्रयोगाचं कपाट असतं, छान रंगवलेलं असतं, आणि किल्ली कुणाकडे आहे ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं.

१९६९ मध्ये फ्रँकमास्तरांनी सॅन फ्रान्सिस्कोला एक्स्प्लोरेटोरियम उघडलं. तिथल्या वस्तू हातात घ्यायच्या, फिरवायच्या, बिघडवायच्यासुद्धा. बिघडली तर तिथल्याच कार्यशाळेत, तुमच्यादेखत दुरुस्त व्हायची. आणि शास्त्रज्ञांइतकंच मानाचं पान कलाकारांना. कारण नीट बघायला दोघंही शिकवतात, असं त्यांचं मत होतं. वीजगोळ्याला याहून चांगलं घर कुठलं मिळणार? तिथून तो जगभरच्या विज्ञान केंद्रांत पोचला. १९८५ मध्ये उघडलेलं आपल्या मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्रही याच 'करून बघा' पद्धतीचं आहे. आज खेळण्यांच्या दुकानातही छोटे वीजगोळे मिळतात. ते कारखान्यात शेकड्यांनी तयार होतात. पण काही कलाकार अजूनही काच हाताने फुंकून फुलं, बाटल्या, शंख असे आकार करतात आणि आत अशी मुकी वीज भरतात.

"बाई, पण दोरी बोटाकडेच का येते?" हा प्रश्न तुमच्या ओठांवर असणार. ऐका. मधल्या गोळीला मिळणारी वीज एका सेकंदात हजारो वेळा उलटसुलट होते. तिच्या जोराने वायूच्या कणांतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा वायूला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य प्लाझ्माचा, आकाशातली वीज पडते ती वाटही प्लाझ्माची. सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जाताना उजेड पडतो. आता डोंगरावर पडलेलं पाणी कसं, ज्या बाजूला उतार त्या बाजूला ओहोळ करतं, तसं विजेचंही आहे. चारी बाजूंना काच आणि हवा, म्हणजे उतार सगळीकडे सारखाच, म्हणून दोऱ्या भटकतात. तुमचं शरीर म्हणजे जवळजवळ मिठाच्या पाण्याची मोठी पिशवी. त्यातून वीज सहज वाहते. बोट टेकलं की त्या बाजूला एकदम मोठा उतार तयार होतो. काच मधे असल्याने प्लाझ्मा बोटाला शिवत नाही, पण भराभर उलटणाऱ्या विजेचा परिणाम काचेपलीकडे पोचतो आणि अगदी थोडी वीज तुमच्यातून जमिनीकडे जाते. इतकी थोडी, की कळतही नाही. काचेपाशी किंचित ऊब मात्र लागते.

आणखी एक गंमत बघा. दोऱ्या काचेवर नुसत्या थांबत नाहीत, त्या वर वर सरकतात. का? तापलेला वायू हलका होतो आणि वर जातो. समईची ज्योत वर का जाते, तेच उत्तर.

आईबाबांसाठी दोन ओळी. घरी वीजगोळा आणलात तर त्यावर नाणं, किल्ली, चांदीचा कागद असं काही धातूचं ठेवू नका. ठिणगी उडून चटका बसतो. मोबाइल, घड्याळ लांब ठेवा. आणि घरात कुणाला हृदयासाठी पेसमेकर बसवलेला असेल, तर त्यांना गोळ्याजवळ जाऊ देऊ नका.

वीजगोळा नसला तरी बिघडत नाही. घरात वळणावळणाचा जुना सीएफएल दिवा पडून असेल. गेलेला असला तरी चालेल, काच मात्र फुटलेली नको, कारण आत पारा असतो. म्हणून तो मोठ्या माणसानेच हातात धरायचा, होल्डरमध्ये लावायचा नाही. खोलीत गडद अंधार करा आणि डोळे सरावायला पाच मिनिटं थांबा. मग फुगा फुगवून कोरड्या केसांवर खसाखसा घासा आणि काचेजवळ नेऊन फिरवा. काचेच्या आत फिकट उजेड लुकलुकेल. पावसाळ्यात हा प्रयोग रुसतो, थंडीतल्या कोरड्या हवेत छान होतो. एलईडीच्या दिव्यावर करू नका, त्याच्यात चमकायला वायूच नसतो.

फुगा एका जागी धरून ठेवला तर उजेड टिकतो, की विझतो? आणि फुगा लांब नेताना काय होतं? तीनतीनदा करून बघा, जे दिसेल तेच लिहा, पुस्तकातलं नको. पत्रं पुढच्या गुरुवारपर्यंत पोचू द्या.